कोंबडीच्या शेपटाखालची पिशवी

तव्यावर भाकरी असेल तर ती आधी उलटून घ्या, मग ऐकायला बसा. आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण राजेराण्यांची नाही. ती चारशे वर्षांपूर्वी इटलीत सुरू होते, अमेरिका, स्वीडन, जपान असं फिरते आणि आमच्या बचत गटाच्या ठराव वहीतल्या एका पानावर येऊन थांबते. ते पान आम्ही आधी सांगतो. सांगायला जड जातं, म्हणून आधी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने अंतर्गत कर्जातून दीडशे पिल्लं आणली. एक दिवसाची, मुठीत मावतील अशी. गटातल्या एका मावशींच्या पडवीत उबेसाठी बल्ब टांगला, खाली भाताचं तूस पसरलं. दोन महिने मावशींनी सांभाळायची, मग प्रत्येकीने आपल्या वाट्याची घरी न्यायची, असं ठरलं. सातव्या दिवशी मावशींनी प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा थेंब घातला. लासोटा म्हणजे राणीखेतची, आपल्या मानमोडीची लस. चौदाव्या दिवशीची गंबोरोची लस मात्र आणली नाही. कुपी मोठी येते, पिल्लं थोडी, उरलेली फेकावी लागते. एक लस दिली आहे तेवढी पुरे, असं बैठकीत आम्हीच म्हणालो.

तिसरा आठवडा संपता संपता काही पिल्लं मलूल झाली, पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, पांढरं पातळ हगू लागली. सहा मेली, बाकीची सावरली. गारठा बाधला असेल म्हणून आम्ही विषय सोडून दिला. अठ्ठाविसाव्या दिवशी मावशींनी ठरल्याप्रमाणे पुन्हा लासोटा दिली. आणि सातव्या आठवड्यात मानमोडी आलीच. चोची उघड्या, माना वाकड्या. आठवड्याभरात त्रेसष्ट पिल्लं गेली.

मग बैठक झाली. वहीत लिहिलं गेलं की लस बर्फात नीट न ठेवल्यामुळे ती वाया गेली, सबब नुकसानीचा अर्धा भाग मावशींच्या बचतीतून वळता करावा. मावशी एवढंच म्हणाल्या, “मी थर्मासात बर्फ घालूनच आणली होती.” कोणी ऐकलं नाही. त्यांनी सही केली.

चार दिवसांनी जनावरांच्या लाळ-खुरकुताच्या लसीसाठी पशुवैद्यकीय डॉक्टर गावात आले. नुकतंच मेलेलं एक पिल्लू घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते उघडलं, शेपटाखाली, विष्ठेच्या वाटेच्या अगदी वर, पाठीच्या बाजूला बोट घातलं आणि एक छोटीशी पिशवी दाखवली. म्हणाले, “या वयात ही चांगली बोराएवढी हवी. ही बघा, हरभऱ्याएवढी झालीय. गंबोरो दिली होती?” आमच्यातलं कोणी काही बोललं नाही.

आपण किती कोंबड्या साफ केल्या असतील, पण या पिशवीकडे कोणी बघितलंय? तरण्या पिल्लात ती असते, कोंबडी मोठी झाली की आकसून जाते. इतिहासातही तिच्याकडे फार कोणी बघितलं नाही. बघितलं ते फॅब्रिशियस या इटलीतल्या पादुआच्या शरीरशास्त्रज्ञाने. अंडं आणि पिल्लू कसं घडतं यावरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२१ साली छापलं गेलं. त्यात या पिशवीचं वर्णन आहे, म्हणून तिला आजही फॅब्रिशियसची पिशवी म्हणतात. इंग्रजीत बर्सा. त्याला वाटलं, कोंबडा आला की त्याचं बीज कोंबडी इथे साठवून ठेवत असेल. आता ही पिशवी कोंबड्यालाही असते, तो काय साठवणार? पण मोठ्या माणसाने लिहिलं की ते बराच काळ टिकतं. नंतर कोणी काही म्हणालं, कोणी काही, आणि तीनशे वर्षं तिचं खरं काम कोणाला कळलं नाही.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा तरुण कोंबड्यांचा अभ्यास करत होता. त्याचे प्राध्यापक हंसाच्या जातीचा एक पक्षी कापून दाखवत होते. ग्लिकने विचारलं, ही पिशवी कसली आणि हिचं काम काय? प्राध्यापकांनी नाव सांगितलं, आणि कामाचं म्हणाल तर ते तूच शोधून काढ, अशा अर्थाचं उत्तर दिलं. ग्लिकने खरंच मनावर घेतलं. त्याला दिसलं की जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ही पिशवी सगळ्यात झपाट्याने वाढते. म्हणून त्याने लहान पिल्लांमधून ती काढून टाकली आणि काय बिघडतं ते बघत बसला. काही बिघडलं नाही. पिल्लं खात होती, वाढत होती.

पुढची गोष्ट निव्वळ योगायोगाची. टिमोथी चँग नावाच्या त्याच्या सोबत्याला वर्गात एक प्रयोग दाखवायचा होता: कोंबडीला जंतूंचं इंजेक्शन दिलं की काही दिवसांत तिच्या रक्तात त्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात. त्याने ग्लिककडच्या उरलेल्या कोंबड्या मागून नेल्या. वर्गात प्रयोग फसला. बऱ्याच कोंबड्यांनी प्रतिपिंडं बनवलीच नाहीत. दोघांनी नोंदी ताडून पाहिल्या तर फसलेल्या कोंबड्या त्याच होत्या, ज्यांची पिशवी लहानपणी काढली होती.

म्हणजे ही पिशवी शरीराच्या शत्रूंविरुद्धची हत्यारं बनवणाऱ्या पेशींची शाळा होती. पेशी इथे शिकायच्या, मग अंगभर पसरायच्या. मोठ्या कोंबडीची पिशवी काढली तर फारसं बिघडत नाही, कारण तोवर पेशी शिकून बाहेर पडलेल्या असतात. लहानपणीच काढली तर सगळं बसतं.

ग्लिक, चँग आणि जाप या तिघांनी हे लिहून ‘सायन्स’ या नावाजलेल्या नियतकालिकाला पाठवलं. तिथून ते परत आलं. शेवटी १९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापलं गेलं. कोंबड्यांच्या अभ्यासाचं नियतकालिक, माणसांचे डॉक्टर ते कशाला वाचतील? पुढची काही वर्षं हा शोध जवळजवळ पडून राहिला. आम्हाला याचं नवल वाटत नाही. कोंबड्या बाईमाणसाचं काम, शेळ्या बाईमाणसाचं काम, त्यात काय शिकण्यासारखं असणार, हे आपणही ऐकत आलोय.

त्याच सुमारास माणसांच्या डॉक्टरांपुढे एक कोडं होतं. १९५२ साली अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची नोंद केली. त्याला सारखे न्यूमोनियासारखे आजार व्हायचे. रक्त तपासलं तर त्यात प्रतिपिंडांचा अंशच सापडेना. दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं टोचायला सुरुवात केली आणि मुलगा सावरला. हा आजार मुलग्यांना होतो आणि त्याचा दोष आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावर असतो. इथे आम्ही जरा थांबतो. गुणसूत्र आईकडून येतं याचा अर्थ आईची चूक झाली असा नाही. कुठलं गुणसूत्र द्यायचं हे कोणतीच आई ठरवत नाही. आपल्याकडे “हिच्याकडूनच आलं” म्हणायला वेळ लागत नाही, म्हणून सांगितलं.

हे कोडं आणि कोंबडीची पिशवी यांची गाठ घातली मॅक्स कूपर या मुलांच्या डॉक्टरने. मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्याकडे तो काम करत होता. तोवर जॅक मिलर यांनी लंडनमध्ये दाखवलं होतं की छातीत हृदयाच्या वर असलेली थायमस ही ग्रंथीही प्रतिकारशक्तीला लागते. मग पिशवीचं काम कोणतं आणि थायमसचं कोणतं? कूपर आणि त्याच्या सोबत्यांनी नुकत्याच अंड्यातून आलेल्या पिल्लांचे गट केले. काहींची पिशवी काढली, काहींची थायमस. आधीच तयार झालेल्या पेशी उरू नयेत म्हणून वरून क्ष-किरणही दिले. १९६५ साली उत्तर छापून आलं. पिशवी नसलेल्या पिल्लांत प्रतिपिंडं नव्हती आणि ती बनवणाऱ्या पेशीही नव्हत्या. थायमस नसलेल्यांत दुसऱ्याच पेशी कमी पडल्या होत्या. म्हणजे शरीराच्या राखणदारांची घराणी दोन. थायमसवरून टी पेशी आणि बर्सावरून बी पेशी, ही नावं पुढे रूढ झाली. माणसाला पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. पण नाव कोंबडीचंच राहिलं. २०१९ साली मिलर आणि कूपर यांना लास्कर हा मोठा पुरस्कार मिळाला. त्यात ग्लिक यांचं नाव नव्हतं.

एक नाव मात्र आम्ही मुद्दाम सांगणार. प्रतिपिंडं नेमकी कोणत्या पेशी ओततात हे १९४८ सालीच स्वीडनच्या ॲस्ट्रिड फॅग्रेयस या बाईंनी आपल्या प्रबंधात दाखवून दिलं होतं. त्या प्लाझ्मा पेशी. पुढे कळलं की बी पेशीच जागी होऊन, वाढून प्लाझ्मा पेशी बनते.

आता ही बी पेशी जागी कशी होते? हे समजायला आपल्या गटाचं बँक खातं आठवा. पैसे काढायचे तर एकटीची सही चालत नाही, अध्यक्ष आणि सचिव दोघींची लागते. बी पेशीचंही तसंच. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एकाच प्रकारची कुलपं असतात आणि तिला जुळणारा एखादाच जंतू येऊन चिकटला की पहिली सही होते. दुसरी सही बहुतेक वेळा टी पेशी करते. १९६८ साली ऑस्ट्रेलियात मिलर आणि मिचेल यांनी उंदरांवर दाखवलं की प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी मगजातून येतात, पण थायमसच्या पेशींची मदत नसेल तर त्या नीट काम करत नाहीत. दुसरी सही इतकी कशाला हवी? एकाच सहीवर पेशी पेटून उठली तर ती आपल्याच अंगावर हत्यार उपसण्याचा धोका वाढतो. आणि दुसरी सही मिळालीच नाही तर काय होतं हेही १९९३ साली कळलं. काही मुलांच्या टी पेशींत ही सही करणारा रेणूच सदोष असतो. त्यांच्या बी पेशी फक्त पहिल्या, कच्च्या प्रकारची प्रतिपिंडं बनवत राहतात, पुढच्या पक्क्या प्रकाराकडे जात नाहीत.

जागी झालेली पेशी झोपलेलीतून ओळखायची कशी, हा पुढचा प्रश्न. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच गोल. इथे आपल्याला लग्नघर आठवलं. दारात मांडव दिसला की आत काय चाललंय हे विचारावं लागत नाही. पेशीही जागी झाली की आपल्या अंगावर नवे रेणू बाहेर काढते, दारातला मांडवच तो. या खुणा दिसाव्यात म्हणून १९७५ साली केंब्रिजच्या कोहलर आणि मिलस्टाइन यांनी शोधलेली युक्ती कामी आली. एकेका खुणेलाच चिकटणारं एकसारखं प्रतिपिंड हवं तेवढं बनवता येऊ लागलं. त्याला चमकणारा रंग लावायचा, आणि स्टॅनफर्डमध्ये हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने घडवलेल्या यंत्रातून पेशी एकामागून एक, रेशनच्या रांगेसारख्या, प्रकाशाच्या झोतासमोरून सोडायच्या. जी चमकेल तिच्यावर ती खूण. खुणा इतक्या सापडल्या की १९८२ साली पॅरिसला शास्त्रज्ञांनी जमून त्यांना क्रमांक द्यायचं ठरवलं, सीडी अमुक, सीडी तमुक. बी पेशीची ओळख सीडी १९. पेशी जागी होऊ लागली की काही तासांतच सीडी ६९ दिसू लागते. मग सीडी ८६ वाढते, आणि ती टी पेशीला जवळ बोलावून घेते.

पण नुसतं जागं होऊन भागत नाही. पुढे काय करायचं, किती वाढायचं, कोणत्या जातीची प्रतिपिंडं बनवायची, हे निरोपांवर ठरतं. पेशी एकमेकींना जे निरोप सोडतात त्यांना सायटोकाइन म्हणतात. १९८२ साली अमेरिकेत मॉरीन हॉवर्ड आणि विल्यम पॉल यांच्या गटाला बी पेशींना वाढायला लावणारा एक नवा निरोप सापडला. त्याला पुढे इंटरल्यूकिन ४ असं नाव मिळालं. हा निरोप बी पेशीला ॲलर्जीच्या जातीच्या प्रतिपिंडांकडे वळवू शकतो. १९८६ साली जपानच्या ओसाका विद्यापीठात किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटाने आणखी एका निरोपाचं जनुक शोधलं. बी पेशीला प्रतिपिंडं ओतायला लावणारा हा निरोप म्हणजे इंटरल्यूकिन ६. हे नाव तुम्हाला नवं वाटेल, पण याच्याशी आपली गाठ पडून गेलीय. शरीरात हा निरोप अति झाला की ताप, सूज, सांधे धरणं सुरू होतं. तो ऐकूच जाऊ नये म्हणून बनवलेलं औषध म्हणजे टोसिलिझुमॅब. आमवातासाठीचं. २०२१च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्या इंजेक्शनसाठी माणसं रात्री-बेरात्री औषधांच्या दुकानांपुढे उभी होती, त्यातलं एक हेच.

बी पेशींतही सगळ्या एका स्वभावाच्या नसतात. १९८३ साली स्टॅनफर्डमध्ये क्योको हायाकावा आणि त्यांच्या सोबत्यांनी उंदरांत बी पेशींची एक वेगळी पोटजात दाखवली. इतर बी पेशींवर एरवी न दिसणारी, टी पेशींची म्हणून ओळखली जाणारी एक खूण त्यांच्या अंगावर होती. तिला आज सीडी ५ म्हणतात, आणि त्या पेशींना बी-१. त्या मुख्यतः पोटाच्या पोकळीत राहतात. एखाद्या जंतूची खास ओळख होण्याची वाट न बघता, घरात कायम थोडं पीठ दळून ठेवावं तशी त्या सर्वसाधारण प्रतिपिंडं तयार ठेवतात. आणि १९९२ साली ॲन ओगारा यांनी दाखवलं की उंदराच्या बी पेशींमधून येणारा इंटरल्यूकिन १० हा निरोप मुख्यतः याच पोटजातीकडून येतो. तो निरोप बऱ्याचदा भांडण शांत करणारा असतो. तोवर बी पेशी म्हणजे फक्त हत्यारं बनवणारी, निरोप ऐकणारी, असं धरलं जायचं. ती निरोप धाडतेही, आणि पेटलेलं विझवतेही, हे पुढे अधिकाधिक स्पष्ट होत गेलं. हा भाग आमच्या गटात वाचला तेव्हा एक सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे घरोघरी एक अशी लागतेच.” त्यावर पुष्कळ हसू झालं.

आता परत पिशवीकडे. अमेरिकेत डेलावेअर राज्यात गंबोरो नावाचं गाव आहे. त्या भागात पिल्लांना एक नवा रोग झाला होता. १९६२ साली कॉसग्रोव्ह यांनी त्याचं वर्णन केलं, आणि रोगाला गावाचं नाव पडलं. या रोगाचा विषाणू पिशवीत शिरतो आणि तिथे वाढणाऱ्या कोवळ्या बी पेशी मारतो. पिशवी आधी सुजते, मग आकसते. ग्लिकने शस्त्राने जे केलं तेच हा विषाणू करतो, आणि करतो साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. पिल्लू वाचलं तरी त्याची शाळा जळालेली असते. १९७२ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यक संशोधकांनी दाखवून दिलं की लहानपणी गंबोरो होऊन गेलेल्या पिल्लांना मानमोडीची लस दिली तर ती नीट लागू पडत नाही. लस चांगली, बर्फ चांगला, देणारीचा हात चांगला. पण लस ओळखायला बी पेशीच नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मलूल झालेली आमची ती पिल्लं, गारठा बाधला असेल म्हणून सोडून दिलेली, तेव्हा हेच घडत होतं, असं डॉक्टर म्हणाले. मावशींनी अठ्ठाविसाव्या दिवशी घातलेला प्रत्येक थेंब खरा होता. लस न आणण्याचा निर्णय आमचा होता आणि तोही त्याच वहीत, सहा पानं आधी, आमच्या सह्यांनिशी लिहिलेला होता.

कोणी विचारेल, मग गंबोरोची लस पहिल्याच दिवशी का देत नाहीत? कोंबडी आपली प्रतिपिंडं बलकातून पिल्लाला देते. ती पिल्लाच्या रक्तात भरपूर असताना लस दिली तर तीच लसीला मारून टाकतात. ती उतरेपर्यंत थांबायचं, पण विषाणू पोचायच्या आधी द्यायचं, अशी ही बारीक फट आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी बारा ते चौदा दिवस. तुमच्या पिल्लांची नेमकी तारीख पशुसखीला किंवा दवाखान्यात विचारा, कारण पिल्लं कुठून आली, त्यांच्या आयांना लस होती का, यावर ती थोडी बदलते. कुपी मोठी असते, हे खरंच. आम्ही आता शेजारच्या दोन गटांबरोबर एकाच दिवशी पिल्लं आणतो आणि एक कुपी तिघांत वापरतो. फोडलेली कुपी दोन तासांत संपवायची. आणि हा विषाणू जाता जात नाही, महिनोन्‌महिने जागेत टिकतो, म्हणून जुनं तूस उचलून लांब नेऊन जाळतो आणि पडवी चुन्याने सारवून काही दिवस रिकामी ठेवतो.

मावशींचे पैसे त्यांच्या खात्यात परत केले. जुना ठराव खोडता येत नाही, तसा नियमच आहे, म्हणून त्याखाली नवा ठराव लिहिला: आधीचा ठराव चुकीचा होता, लस न आणण्याचा निर्णय सर्व सभासदांचा होता. वाचून दाखवला. मावशींनी वही जवळ ओढली, चष्मा पुसला, दोन्ही ठराव स्वतः एकदा वाचले आणि विचारलं, “यंदाची पिल्लं कधी येणार? बल्ब गेलाय तो.”